सुनेला रडवणारा

कोलोराडोच्या या उंच खोऱ्यात
सप्टेंबरचा तिसरा शनिवार
बटाट्याचा आणि कोकराचा.
शाळेच्या मैदानावर रात्रीच दंव पडून गेलेलं,
ट्रॅक्टरच्या सीटवर अजून पांढरी साय.
जाळीच्या पिंपात हिरव्या मिरच्या गरगरतात,
खाली गॅस फुरफुरतो,
आणि अख्ख्या गावाला एकदमच ठसका लागतो.

मी बटाट्यांच्या टेबलावर.
दहा वर्षं हेच काम, चिठ्ठी लिहायची, सुतळीने बांधायची.
मान्सानारेसचे यंदाही तळहाताहून मोठे,
ओगुरांचे सगळे एका मापाचे,
जणू एकाच पहाटे जन्मलेले.
पाटाचं पाणी जुलैतच आटलं
हे चिठ्ठीवर लिहायची पद्धत नाही.

पलीकडे लिलाव.
एक पोरगी कोकराच्या हनुवटीखाली हात धरून उभी.
भाव चढेल तशी तिची बोटं लोकरीत रुततात.
बँकेचा माणूस टोपी हलवतो.
तिच्याकडे बघायचं नाही
असं मी दर वर्षी ठरवते.

दुपारी तो आला, तेओदोसियो,
पेरूहून तीन वर्षांच्या कागदावर आलेला मेंढपाळ.
वर डोंगरात अकराशे मेंढ्या, दोन कुत्रे,
पत्र्याची एक गाडी
आणि महिनाभर माणसाशी न बोललेलं तोंड.
टोपी काढून रांगेत उभा राहिला.
खिशातून मोजा काढला,
मोज्यातून हा.

काळपट जांभळा, मुठीएवढा,
अंगभर गाठी, गाठींना पुन्हा गाठी,
पाइनचं बोंड मातीत पडून फुगावं तसा.
कुठे पिकवला?
गाडीमागे, पिठाच्या डब्यात.
बियाणं कुठलं?
तो मोज्याकडे बघू लागला.
मी पुढे विचारलं नाही.
नाव?
काचुन वाकाची, म्हणाला,
आणि मग आमच्या स्पॅनिशमध्ये, शब्द चाचपत,
सुनेला रडवणारा.
नवी सून घरात आली की सासू हा तिच्या हातात देते,
वर सुरी.
सोल म्हणते. गर वाया जाता कामा नये.

मी चिठ्ठीवर तसंच लिहिलं.

मग काय.
मिरच्यांच्या पिंपापासून, पावाच्या भट्टीपासून
बाया आल्या एप्रनला हात पुसत.
ओगुराबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
आणि माझी सासू, एलोइसा,
जिच्या मटणाच्या रश्श्याला सतरा वर्षं निळी फीत,
जिने माझ्या पहिल्या रश्श्यात
एक शब्द न बोलता मीठ घातलं होतं,
दोनदा,
ती म्हणाली, आण इकडे सुरी.

सुरी गाठीत शिरली, अडली, वळली.
लाउडस्पीकरवर कुणाचं तरी वासरू विकलं गेलं.
साल पडत राहिली, सालीला चिकटून गर,
तिच्या अंगठ्यातून एक थेंब,
तो तिने चोखला आणि पुन्हा सुरू.
शेवटी उरला तो अक्रोडाएवढा.
कुणी हसलं नाही.
मग हसलं कुणीतरी,
तर ती तीच.

तुझ्या बायकोला जमलं का रे?
नाही, म्हणाला तेओदोसियो.
तिने सुरी आईला परत दिली.
धुतला, उकडला, सालीसकट खाल्ला.
आणि आई?
आईने मीठ पुढे केलं.

सासूने माझ्याकडे पाहिलं नाही.
मीही पाहिलं नाही.

निकालाच्या वहीत त्याच्यासाठी रकाना नव्हता.
एक नग, सोललेला, म्हणून बाद,
असं ओगुराबाईंनी लिहिलं
आणि खाली सही जरा मोठी केली.
तो गेला अंधाराआधी, मुकादमाच्या गाडीतून,
मांडीवर रश्श्याची बरणी, दोन पाव, टॉर्चचे सेल.
बरणी सासूनेच भरली होती, काठोकाठ,
झाकणाला माझी सुतळी.

संध्याकाळी टेबलं आवरताना
तिने त्या साली हाताने एकत्र लोटल्या,
जिच्यावर डोळा होता ती निवडून वेगळी काढली,
कागदी रुमालाच्या चार घड्या घातल्या
आणि एप्रनच्या खिशात खोल.

तिला वाटलं मी पाहिलं नाही.
मी सुतळी गुंडाळत होते.